पानामागची लव : बागेतल्या केवडा रोगाची ओळख आणि वर्गवारी

'केवडा' या शब्दातच पहिला घोटाळा आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तरी केवडा, मुगाला पिवळा मोझॅक झाला तरी केवडा, उसाला लोह कमी पडलं तरी केवडाच. द्राक्ष बागायतदार ज्याला नुसतं 'डाऊनी' म्हणतो तोही केवडा, आणि बाजरीवरचा त्याचा भाऊबंद मात्र गोसावी. या लेखात केवडा म्हणजे फक्त डाऊनी मिल्ड्यू : पानाच्या मागच्या बाजूला पांढरी, राखाडी किंवा जांभळट लव धरणारा रोग. मोझॅक विषाणूमुळे होतो, लोहाची कमतरता हा रोगच नव्हे, म्हणून त्यांचा इथे विचार नाही.

हा रोग करणारे जीव बुरशीसारखे दिसतात, पण खऱ्या बुरशा नाहीत. ते ऊमायसीट, म्हणजे नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळचे. पेशीभित्तिकेत बुरशीसारखं कायटिन नसतं, मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोज असतं, आणि धाग्यांना आडवे पडदे जवळजवळ नसतात. याचा व्यवहारातला परिणाम सरळ आहे. भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या खऱ्या बुरशीच्या रोगावर, चालणारं हेक्झाकोनॅझोल किंवा कार्बेन्डाझिम केवड्यावर मारलं तर पैसे वाया जातात, कारण ज्या ठिकाणी ते औषध घाव घालतं ती जागा या जीवात नाही, किंवा असून औषधाला दाद देत नाही. म्हणून आधी ओळख, मग फवारणी.

आधी ऋतू पाहा

पावसाळ्यात कुंडीतलं पान कुजलं की मुंबईकर लगेच केवडा म्हणतो. बहुतेक वेळा ते चूक असतं. शोभेच्या झाडांवरच्या बहुतेक केवड्यांना रात्रीचं तापमान १५ ते २० अंश आणि पानावर काही तास टिकणारा ओलावा लागतो. आपल्याकडे जुलैत ओलावा हवा तेवढा असतो, पण रात्री पारा २४-२५ च्या खाली सहसा जात नाही. मोठा अपवाद काकडीवर्गाचा : स्यूडोपेरोनोस्पोरा क्यूबेन्सिस उष्ण दिवस बऱ्यापैकी सोसतो, म्हणून गच्चीवरच्या काकडी-दोडक्याच्या पानांवर शिरांनी अडवलेले पिवळे चौकोनी डाग पावसाळ्यातही सापडतात. नवशिक्याने हात बसवायला तेच पान घ्यावं.

फुलझाडांचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत सांताक्रूझचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याचं दोनेक अंश जास्त. त्यामुळे बोरिवली, आरे, पवई, ठाण्याची येऊरकडची बाजू, जिथे पहाटे दव पडतं, तिथे शक्यता जास्त आणि दक्षिण मुंबईच्या समुद्राकडच्या बाल्कनीत कमी. दुसरा मार्ग टेम्पोतून येतो. पुणे-नाशिककडच्या थंड हवेत वाढलेली रोपं इथे विकायला येतात. लागण झाल्यापासून लव दिसेपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, म्हणजे नर्सरीत ठणठणीत दिसलेलं रोप घरी आल्यावर आजारी पडू शकतं. नवीन रोप दोन आठवडे इतरांपासून वेगळं ठेवायचं ते यासाठी.

जवळ काय हवं

१० पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग हे पहिलं. त्याने केवडा की नाही एवढं कळतं. कोणत्या वंशाचा (इंग्रजीत जीनस) हे कळायला साधा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक लागतो, १० आणि ४० च्या भिंगांचा, म्हणजे एकूण १०० आणि ४०० पट. घडीचा कागदी सूक्ष्मदर्शकही चालतो, पण फांद्यांची टोकं पाहताना त्याची ओढाताण होते. शिवाय काचपट्ट्या, आच्छादन काचा, पारदर्शक सेलोटेप (खरखरीत, अपारदर्शक नको), ड्रॉपर, थोडं स्पिरिट, एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा, टिश्यू पेपर, टूथपिक आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. प्रयोगशाळेचं सामान प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं.

पायरी १ : झाडाचं नाव पक्कं करा

डाग पाहण्याआधी झाड ओळखा. हे जीव जिवंत पानाशिवाय जगत नाहीत आणि बहुतेकांचं एखाद्याच कुळाशी किंवा वंशाशी लग्न लागलेलं असतं. झाडाचं नाव कळलं की संशयितांची यादी दोन-तीनवर येते.

गुलाबावर पेरोनोस्पोरा स्पार्सा, ज्याचं वर्णन इंग्लंडमध्ये बर्कलीने १८६२ मध्ये केलं. इम्पेशन्सवर प्लास्मोपारा, जुन्या पुस्तकांत ऑब्ड्यूसेन्स म्हणतात, बाजारातल्या वॉलेरियाना जातीवरच्या जीवाला आता डिस्ट्रक्टर असं वेगळं नाव दिलं आहे. आपला तेरडाही इम्पेशन्सच, त्यामुळे त्याच्या पानामागेही एकदा पाहावं. नर्सरीवाले ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात त्या स्नॅपड्रॅगनवर पेरोनोस्पोरा अँटिऱ्हिनी, पॅन्सीवर पेरोनोस्पोरा व्हायोली, पॉपीवर पेरोनोस्पोरा आर्बोरेसेन्स. स्टॉक आणि अलिसम ही मोहरीच्या कुळातली, त्यांच्यावर हायलोपेरोनोस्पोरा. सूर्यफुलावर प्लास्मोपारा हॅल्स्टेडी, जो १९८० च्या दशकात मराठवाड्यातल्या सूर्यफुलावर आढळला. सूर्यफुलाच्या कुळातल्या इतर झाडांवर ब्रेमियाचाही संशय धरावा, आणि ॲस्टरवर क्वचित बॅसिडिओफोराचा. कोलियसवरचा जीव बरीच वर्षं बेसिलवरच्या पेरोनोस्पोरा बेलबाहरीच्याच खात्यात जमा होता. २०२० मध्ये त्याला पेरोनोस्पोरा चोई असं स्वतंत्र नाव मिळालं.

ही यादी निदान नव्हे. ही फक्त कुठे पाहायचं हे सांगते.

पायरी २ : सकाळी पान उलटं करा

केवड्याची लव रात्री अंधारात उगवते. सकाळी साडेसहा ते आठ ही तिची वेळ. दहा वाजेपर्यंत उन्हाने आणि वाऱ्याने बीजाणू उडून जातात, उरलेले सुरकुततात, आणि दुपारी भिंग लावून बसलेला माणूस 'काहीच नाही' म्हणून उठतो.

इम्पेशन्समध्ये पान आधी किंचित फिकट होतं, खत कमी पडल्यासारखं. कडा खाली वळतात. मग पानामागे पिठीसाखर भुरभुरावी तसा दाट पांढरा थर येतो. त्यानंतर फुलं आणि पानं गळतात आणि नुसते हिरवे दांडे उभे राहतात. पानं पिवळी पडली म्हणून लोक खत घालतात आणि आणखी एक आठवडा घालवतात. त्या आठवड्यात शेजारच्या कुंड्या गेलेल्या असतात.

गुलाबाचं चित्र वेगळं आहे. नव्या, वरच्या पानांवर जांभळट-लाल, शिरांनी अडवलेले कोनदार डाग. पान हात लावताच गळतं. पाठीमागची लव इतकी विरळ की भिंगाशिवाय दिसत नाही. लॅटिनमध्ये स्पार्साचा अर्थही विखुरलेला, विरळ असाच. गुलाबाच्या बाबतीत नुसत्या नजरेवर निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कोलियसवर तपकिरी ओबडधोबड डाग पडतात, पान पिळवटतं, आणि मागे राखाडी-जांभळी लव येते. रंगीत पानामुळे डाग लपतात, म्हणून इथेही पाठच पाहायची.

पायरी ३ : सोंगं ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

भुरी : पांढरी पूड प्रामुख्याने पानाच्या वर, बोटाने पुसली की जाते, आणि ती पान सुकं असतानाही वाढते. झिनियावर ती आपल्याकडे नेहमीची. दोन्ही बाजूंना पांढरं असेल तर आधी भुरी समजा.

पांढरा तांबेरा : मुंबईत केवड्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. पावसाळ्यात बाजारातली माठ किंवा राजगिऱ्याची जुडी घ्या आणि पानं उलटी करा. मागे चकचकीत पांढरे फोड दिसतात, दुधाचा थेंब वाळल्यासारखे. मॉर्निंग ग्लोरी आणि पोर्तुलाका, म्हणजे ऑफिस टाइमच्या कुळातही तो येतो. हाही ऊमायसीटच, आल्बुगो आणि त्याचे सोयरे, पण केवडा नव्हे. फरक नखाने कळतो : तांबेऱ्याचा फोड पानाच्या सालीखाली असतो, साल फुटल्यावर पांढरी पूड बाहेर येते. केवड्याची लव सालीच्या बाहेर, रंध्रांतून निघालेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबेऱ्याचे बीजाणू माळेत ओवल्यासारखे दिसतात, झाडासारख्या फांद्यांवर नाही.

गुलाबावरचा काळा ठिपका : गोल, कडा फाटक्या झालरीसारख्या, खालच्या जुन्या पानांपासून सुरू. केवडा वरून सुरू होतो आणि कोनदार असतो. भर उन्हात ताम्रयुक्त औषध मारलं तर तेही जांभळट डाग पाडतं. पण ते डाग फवाऱ्याच्या दिशेला असतात आणि पुढे पसरत नाहीत.

लाल कोळी : बारीक पिवळे ठिपके, मागे जाळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागले तर कोळी.

राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस : फुलांवर, कुजलेल्या भागावर, दोन्ही बाजूंना. केवडा मेलेल्या पेशींवर लव धरत नाही.

आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक खास मुंबईचं सोंग : शेजारच्या बांधकामाची सिमेंटची धूळ. ओल्या कापसाने पुसून पाहा. कोलियसच्या कोवळ्या पानांवरचे नैसर्गिक केसही भिंगातून लव वाटतात. केस एकसारख्या अंतरावर, डाग असो-नसो सगळीकडे असतात. लव फक्त डागाच्या मागे.

पायरी ४ : रात्रभर डब्यात ठेवा

लव दिसली नाही पण संशय आहे, तर पानाला रात्र द्यायची. डब्याच्या तळाला टिश्यूच्या दोन घड्या घाला आणि पाण्याने ओल्या करा. पाणी साचता कामा नये. वर टूथपिक आडव्या ठेवून त्यावर पान पाठ वर करून ठेवा. पानाला पाणी लागू देऊ नका, दमट हवा पुरे. झाकण लावा, डबा काळ्या पिशवीत गुंडाळा.

तापमानाची अडचण मुंबईत खरी आहे. ३० अंशांच्या खोलीत बहुतेक केवडा उगवत नाही, उलट पान कुजतं. फ्रिजमध्ये फार थंड पडतं. रात्री एसी लावलेली खोली, २० ते २२ अंश, सगळ्यात बरी. डबा जमिनीवर ठेवा. १२ ते २४ तासांनी उघडून पाहा. ४८ तासांच्या पुढे जाऊ नका, तोवर मेलेल्या पेशींवर दुसऱ्याच बुरशा चढतात आणि मग त्यांचंच निदान होतं. आदल्या दिवशी औषध मारलेलं पान घेऊ नये. रिकामा डबा म्हणजे झाड निरोगी असं नव्हे, एवढंच कळतं.

पायरी ५ : काचपट्टी

सेलोटेपचा २ सेंटिमीटरचा तुकडा लवेवर हलकाच टेकवा आणि सरळ वर उचला. घासलं तर फांद्या मोडतात, आणि आपल्याला फांद्याच हव्यात. काचपट्टीवर आधी स्पिरिटचा एक थेंब, तो उडू लागला की पाण्याचा एक थेंब, त्यावर टेप चिकट बाजू खाली. स्पिरिट न वापरता थेट पाणी घातलं तर बीजाणूंना हवा चिकटून राहते आणि काळ्या कडांचे गोल बुडबुडे दिसतात. नवशिक्यांच्या पहिल्या दहा फोटोंपैकी निम्म्यांत बीजाणू म्हणून हेच बुडबुडे असतात. बीजाणूची कड बारीक असते आणि आत दाणेदार माल दिसतो. बुडबुड्याची कड जाड काळी आणि आत काहीच नाही.

आधी १०० पटीला संपूर्ण झाड पाहा, मग ४०० ला टोकं. प्रकाश कमी करा. या फांद्या रंगहीन आहेत, झगमगाटात विरून जातात.

पायरी ६ : टोकं वाचा

वंशाची वर्गवारी इथे होते. बीजाणू धरणारा दांडा, त्याच्या फांद्या आणि फांदीचं शेवटचं टोक.

प्लास्मोपारा : मुख्य खोड सरळ, फांद्या काटकोनात किंवा जवळपास तशा. जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखं. टोकं आखूड, बोथट. बीजाणूधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, रंगहीन, एका टोकाला छोटा उंचवटा.

पेरोनोस्पोरा : खोड नाही, बेचक्याच बेचक्या. प्रत्येक फांदी दोनात फुटते, पुन्हा दोनात, आणि शेवटची दोन टोकं अणकुचीदार, किंचित वळलेली, विळ्यासारखी. बीजाणू साधारण लंबगोल, टोकाला उंचवटा नाही, रंग फिकट तपकिरी ते जांभळट. गच्च लव राखाडी-जांभळी दिसते ती यामुळे.

हायलोपेरोनोस्पोरा : बेचक्या तशाच, पण बीजाणू रंगहीन, आणि यजमान, म्हणजे ज्यावर रोग पडतो ते झाड, बहुतेक मोहरीच्या कुळातला. २००२ मध्ये हा गट पेरोनोस्पोरातून वेगळा काढला गेला. त्यामुळे स्टॉकवरच्या रोगाला जुन्या पुस्तकात पेरोनोस्पोरा पॅरासिटिका म्हटलेलं सापडलं तर गोंधळू नका.

स्यूडोपेरोनोस्पोरा : बेचक्या आणि अणकुचीदार टोकं, पण बीजाणूधानी लिंबासारखी, टोकाला स्पष्ट उंचवटा, रंग राखाडी-जांभळा. काकडीच्या पानावर हेच दिसतं.

ब्रेमिया : चुकूच शकत नाही असा. फांदीचं टोक बशीसारखं पसरतं आणि बशीच्या काठाला बारीक दांडे, प्रत्येकावर एक बीजाणू. तळहात पसरून बोटं वर केल्यासारखं. ४०० पटीला फोकस थोडा वर-खाली केला की बशी दिसते, नाहीतर नुसता ठोकळा वाटतो.

बॅसिडिओफोरा : फांद्याच नाहीत. मुदगलासारखा दांडा, वर फुगीर डोकं, त्यावर बीजाणूधान्या.

फक्त खाली पडलेले बीजाणू दिसत असतील तर वंश सांगू नये. तुटलेल्या फांद्यांवरूनही नाही. किमान दहा अखंड टोकं पाहावीत. एखाददुसरं टोक कोणत्याही वंशाचं वाटू शकतं.

पायरी ७ : थंड पाण्याची परीक्षा

पेरोनोस्पोरा की स्यूडोपेरोनोस्पोरा हे अडलं तर उपयोगी. सकाळची ताजी लव, फ्रिजमध्ये ठेवून १२ ते १५ अंशांवर आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबात, काचेवर. काच झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवा, डबा थंड जागी. एक ते तीन तासांनी पाहा. प्लास्मोपारा आणि स्यूडोपेरोनोस्पोराच्या धानीतून चलबीजाणू पोहत बाहेर येतात. पेरोनोस्पोराचा बीजाणू कोंबासारखी नळी काढतो, त्याला जास्त वेळ लागतो.

नळाचं पाणी नको : त्यातलं क्लोरिन आणि टाकीतला उबदारपणा दोन्ही मारक. आणखी एक फसगत : थेंबात काही तरी पोहतंय म्हणून आनंद होतो, पण टिश्यूतून किंवा पानावरून आलेले दुसरेच सूक्ष्मजीव असतात. पोहणाऱ्यांकडे नको, धान्यांकडे पाहा. टोक उघडं पडलेल्या रिकाम्या धान्या दिसल्या तरच परीक्षा होकारार्थी.

जातीचं नाव कुठपर्यंत सांगावं

घरी वंशापर्यंत ठामपणे जाता येतं. जातीचं नाव मात्र झाड आणि वंश जोडून 'बहुधा' म्हणूनच लिहावं. याला इतिहास आहे. १९२३ मध्ये गॉयमान या स्विस अभ्यासकाने पेरोनोस्पोराची जवळपास प्रत्येक यजमानासाठी वेगळी जात केली. १९५९ मध्ये यर्कीस आणि शॉ यांनी त्यातल्या बऱ्याच एकत्र केल्या, मोहरीच्या कुळासाठी एकच पॅरासिटिका. डीएनए पाहता येऊ लागल्यावर काटा पुन्हा गॉयमानकडे झुकला. म्हणून दोन पुस्तकांत एकाच रोगाची दोन नावं दिसणं नेहमीचं. वंश बरोबर असेल तर पुढच्या निर्णयाला सहसा अडत नाही.

जातीचं नाव खरोखर हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पुण्याची आघारकर संशोधन संस्था बुरशी ओळखण्याचं काम करते, कोकणासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. आधी फोन करून केवड्याचा नमुना घेतात का ते विचारावं. हा जीव पेट्री डिशमधल्या खाद्यावर वाढत नाही, त्यामुळे 'कल्चर करून सांगतो' म्हणणाऱ्याला तो मिळणारच नाही. पान ताजं, लव असलेलं हवं.

ओळख पटल्यावर

लागलेली पानं पिशवीत बांधून कचऱ्यात, घरच्या खतात नाही. कुजलेल्या पानात जाड भिंतीचे बीजाणू टिकून राहतात आणि इम्पेशन्सच्या बाबतीत मातीही बदलावी. पाणी सकाळी, मुळाशी. कुंड्यांत हवा खेळू द्या. औषध लागलंच तर मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड, वेष्टनावरच्या मात्रेने. बेसिलसारख्या खाण्याच्या पानांवर यातलं काही मारू नये, ती उपटून टाकावीत.

फवारणीच्या आधी मात्र दोन-तीन पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवा. मुंबईच्या हवेत त्यांनाच बुरशी लागते, म्हणून कागद रोज बदला आणि सुकल्यावर सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद पाकिटात घाला. पाकिटावर लिहायचं ते असं : झाड आणि वाण, ठिकाण व मजला, तारीख, लव पाहिल्याची वेळ, आदल्या रात्रीचं किमान तापमान, रोप कुठून आणि कधी आणलं, लवेचा रंग, टोकांचं चित्र, आणि शेवटी वंश. 'बहुधा' लिहायचं असेल तर तेही.